आवाज वाढवू नका, ऐका!

मंडळी, गाडीतून विचित्र आवाज यायला लागला की आपण पहिलं काम काय करतो? म्युझिकचा व्हॉल्यूम वाढवतो. खोटं कशाला बोलू, मीही तेच करतो. पण हा फंडा परवा माझ्या नाही, तर माझ्या दादाच्या अंगाशी येणार होता.

झालं असं, की वीकेंडला नारायणगावाकडे, गावी गेलो होतो. चुलतभावाची, म्हणजे दादाची, जुनी पिकअप आहे. रात्री टोमॅटोचे क्रेट भरायचे आणि पहाटे पुण्यात गुलटेकडीच्या मार्केट यार्डात उतरवायचे, हा तिचा सीझनमधला दिनक्रम. हौस म्हणून मी चालवायला घेतली. चाळिशी ओलांडली (गाडीने, मी नव्हे!) आणि खालून गुरगुर सुरू. साठला तर शेजारी कुणी पिठाची गिरणी लावल्यासारखी घरघर.

"पंधरा दिवस झाले असतील. तुला काय वाटतं रे?" दादाने विचारलं. मीटिंगमध्ये उत्तर माहीत नसताना आपण ज्या कॉन्फिडन्सने बोलतो ना, त्याच कॉन्फिडन्सने मी म्हणालो, "टायर गेलेत. पुढचे दोन्ही बदलून टाक." दादाने लगेच टायरवाल्याला फोन लावून भावही विचारला.

नशीब, वाटेत चाचांचं गॅरेज लागलं. चाचा निम्मं आयुष्य गाड्यांखाली झोपून काढलेले मेस्त्री. बॉनेट उघडायच्या ऐवजी ते माझ्या शेजारी येऊन बसले. "चला साहेब, एक चक्कर मारू. ते गाणं तेवढं बंद करा."

रिकाम्या, सपाट रस्त्यावर साठचा स्पीड गाठला. "आता क्लच दाबा, न्यूट्रल करा." इंजिन शांत झालं, गुरगुर तशीच. म्हणजे इंजिन सुटलं. (हा प्रयोग घाटात किंवा उतारावर अजिबात नाही, आणि चावी बंद करायची नाही.) मग गिअर टाकून अ‍ॅक्सिलरेटर दाबला, सोडला. सूर बदलला नाही. डिफरन्शिअलचा आवाज असता तर बहुतेक वेळा इथे बदलला असता. डांबरीवरून काँक्रीटवर आलो, तरी तोच आवाज. टायर ओरडत असतील तर रस्ता बदलल्यावर सूरही बदलतो. माझं निदान इथेच पंक्चर!

"आता हळूच डावीकडे घ्या." आवाज वाढला. उजवीकडे घेतल्यावर कमी झाला. डावीकडे वळताना गाडीचा भार उजव्या चाकांवर जातो. म्हणजे संशय उजवीकडे. "पण हा नुसता संशय," चाचा म्हणाले, "पुरावा जॅकवर मिळेल."

गॅरेजमध्ये बाकीच्या चाकांना दगड लावले, गाडी उचलून खाली स्टँड दिला. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली हात घालायचा नाही, हा चाचांचा पहिला नियम. पुढचं उजवं चाक त्यांनी वर-खाली, म्हणजे घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी धरून हलवलं. टक्-टक्! दादाला ब्रेक दाबायला सांगून पुन्हा हलवलं, तर टक्-टक् गायब. ब्रेक दाबूनही चाक हललं असतं, तर संशय बॉल जॉइंटवर गेला असता. मग चाक हाताने फिरवलं आणि माझा तळहात चाकामागच्या सस्पेन्शनवर ठेवला. हाताला खरखर स्पष्ट जाणवत होती. डावं चाक मात्र लोण्यासारखं फिरलं.

हब उघडला. ऑइल सील फाटलेलं, ग्रीसमध्ये पाणी शिरून त्याची कॉफी झालेली, रोलरवर आणि कपवर खड्डे. पावसाळ्यात ओढ्यातून गाडी घातली होती का, असं चाचांनी विचारल्यावर दादा नुसताच हसला. त्यावर वर्षभराचा ओव्हरलोड!

"अशीच भरून घाटात नेली असती तर?" मी विचारलं. चाचा शांतपणे म्हणाले, "बेअरिंग जाम होतं. कधी चाकच सुटतं." दादाचं हसू मावळलं. त्या रात्री क्रेट भरून तो निघणारच होता. आणि माझं ऐकलं असतं, तर नवीन टायर घालून, निर्धास्तपणे निघाला असता.

आतलं-बाहेरचं दोन्ही बेअरिंग कपांसकट नवीन, सील नवीन, ग्रीस नवीन, स्प्लिट पिनसुद्धा नवीन. नट किती आवळायचा, हे चाचा चाक फिरवत-फिरवत ठरवत होते. जास्त आवळला तर नवीन बेअरिंगही तापून जातं. डावा हबही उघडून, धुऊन, ग्रीस भरून घेतला. सगळं बिल दोन टायरच्या भावापुढे किरकोळ.

हां, टायर नेहमीच निर्दोष असतात असं नाही. शंका असेल तर पुढचे टायर मागे, मागचे पुढे करून बघा. आवाजाने जागा बदलली, तर चोर टायरच.

रात्री दादाबरोबर मीही मार्केट यार्डला निघालो. साठचा स्पीड, मागे क्रेट, गुरगुर नाही. मी म्युझिककडे हात नेला. "राहू दे रे," दादा म्हणाला, "जरा गाडी ऐकू दे."