पडदा आणि समुद्र

दिवाळीची अथवा नाताळची सुट्टी जवळ आली की आमच्या सुशिक्षित कुटुंबांत अलीकडे एक नवीनच खटपट सुरू होते. अलिबागेस जावे, गुहागरास जावे की तारकर्लीस, हा प्रश्न एका संध्याकाळी निकालात निघतो. परंतु तेथे वाळूवर उभे राहून जे कौटुंबिक छायाचित्र घ्यावयाचे, त्यात कोणी कोणत्या रंगाचे वस्त्र ल्यावे, हा प्रश्न पंधरा दिवस पुरतो. वडिलांस पांढरा सदरा, मुलांस फिकट निळा, आईस त्या दोहोंशी जुळणारी साडी. आणि आजीचे जांभळे लुगडे 'चित्रात बसत नाही' म्हणून तिच्याकरिता नवे फिकट पातळ. यातच सूर्य मावळण्यापूर्वीच्या तासाचा हिशेब आला, बॅगेत घडी मोडू नये म्हणून केलेला बंदोबस्त आला, आणि मुलांनी कोणत्या क्षणी कोणाकडे पाहून हसावे याची दिवाणखान्यातील तालीमही आली. या साऱ्यास 'तयारी' असे साधे नाव आहे. आमच्या मते सहल घडण्यापूर्वीच सहलीचा पुरावा तयार करण्याचा हा उद्योग आहे, आणि त्या पुराव्यापायी मूळ वस्तूच हातची जात आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. छायाचित्रणाशी आमचे वैर नाही. ही कला १८३९ साली युरोपात प्रसिद्ध झाली, आणि अवघ्या पंधरा वर्षांत, १८५४ साली, मुंबईत छायाचित्रकारांची सोसायटी स्थापन झाली, डॉ. भाऊ दाजी लाड व त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांचा तिच्याशी निकटचा संबंध होता. ज्या कलेस अशा पुरुषांनी जवळ केले, तिला नाक मुरडण्याचे आम्हास कारण नाही. पूर्वतयारीसही आमचा सरसकट विरोध नाही. आमचे आजे-पणजे स्टुडिओत फोटो काढावयास जात, तेव्हा ठेवणीतला शालू निघे, पगडी नीट बसवली जाई, मुलांच्या केसांना तेल लागे. मागे खांब, बाग, तळे, क्वचित समुद्रही रंगवलेला पडदा असे. सारेच कृत्रिम होते; पण त्या कृत्रिमपणात खोटेपणा नव्हता. 'आम्ही आज फोटोसाठी बसलो आहोत', एवढेच ते चित्र म्हणे, आणि ते खरे असे. पडद्यावरील तळ्याकाठी हे कुटुंब सुखाने विहार करीत होते, असा कोणाचाही समज होत नसे व करून देण्याची कोणाची इच्छाही नसे.

आता याच्या नेमके उलट झाले आहे. पूर्वी पडदा समुद्राचे सोंग घेई, आज समुद्रासच पडद्याचे काम करावे लागते. आणि त्या पडद्यापुढे बसलेले कुटुंब 'आम्ही फोटोसाठी बसलो आहोत' असे म्हणत नाही. 'आम्ही आपले सहज हसत-बागडत होतो, कोणीतरी नकळत टिपले' असे ते भासवते. जुन्या चित्रात प्रतिष्ठेचा थोडा आव असेल, नव्यात बेसावधपणाचा आव आहे. बेसावधपणासाठी पंधरा दिवस तालीम करावी, ही गोष्ट आम्हास हास्यास्पद वाटते. मधल्या पिढीकडे आगफा क्लिक कॅमेरा असे, त्याच्या एका रिळात बाराच चित्रे निघत. त्यामुळे बारा क्षण कॅमेऱ्याचे आणि उरलेला दिवस माणसांचा, अशी वाटणी आपोआप होई. मोबाइलने ती मर्यादा नाहीशी केली, आणि दिवसच्या दिवस कॅमेऱ्याच्या वाट्यास गेला.

कोणी म्हणेल, 'हे सारे आठवणीसाठीच आहे ना?' या प्रश्नास कालिदासाने उत्तर देऊन ठेवले आहे. 'शाकुंतला'च्या सहाव्या अंकात दुष्यंत शकुंतलेचे चित्र काढतो. ती समोर नाही. आहे ती केवळ आठवण. चित्र पाहता पाहता त्यास त्यातील उणिवा दिसू लागतात: मालिनी नदी राहिली, हंसांचे जोडपे राहिले, तिच्या कानावरचे शिरीषाचे फूल राहिले. चित्र अपुरे आहे हे त्यास कळते, कारण आठवण पुरी आहे. आमच्या कुटुंबांची गोष्ट याच्या उलट. त्यांचे चित्र निर्दोष असते. पण त्यात काय राहिले असे विचारले तर कोणासच काही आठवत नाही, कारण चित्राबाहेर कोणी काही पाहिलेलेच नसते. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ लिंडा हेंकेल यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, संग्रहालयातील ज्या वस्तूंचे विद्यार्थ्यांनी फोटो घेतले होते, त्या त्यांना नुसत्या पाहिलेल्या वस्तूंपेक्षा कमी आठवल्या. वस्तूचा एखादा भाग जवळ आणून टिपला असता मात्र ही हानी झाली नाही. एका प्रयोगावर सिद्धांताची इमारत उभारू नये, हे आम्ही जाणतो. तथापि लक्ष देणे आणि टिपणे या दोन निराळ्या क्रिया आहेत, एवढे त्यातून निश्चित दिसते.

आता समुद्राकडे वळू. या कुटुंबांस सूर्यास्ताची वेळ मिनिटापर्यंत तोंडपाठ असते. भरतीची वेळ विचारा, सारे एकमेकांची तोंडे पाहतील. कोकणातील साधा मनुष्य तिथीस तिनाने गुणून चाराने भागतो आणि भरतीची स्थूल वेळ सांगतो. चतुर्थीस तीन, अष्टमीस सहा, पौर्णिमेस सव्वाअकरा. म्हणजे अष्टमीच्या सुमारास फोटोचा मुहूर्त आणि भरतीचा मुहूर्त एकच येतो. ती भरती उधाणाची नसेल. पण खडकावर पाठमोऱ्या उभ्या असलेल्या मंडळींच्या मागून पाणी चढण्यास उधाणाची गरज नसते. जानेवारी २०१६ मध्ये वांद्र्याच्या बँडस्टँडजवळच्या खडकांवर स्वतःचे छायाचित्र घेताना एक तरुणी समुद्रात ओढली गेली, आणि वाचवण्यासाठी पाण्यात उतरलेला गृहस्थही बुडाला. त्यानंतर मुंबई पोलिसांनी शहरातील अनेक जागा अशा छायाचित्रांस वर्ज्य ठरवल्या. त्या अभाग्यांस दोष देण्याचा आमचा हेतू नाही. समुद्रास पाठ करून उभे राहणे ही आता केवळ रूढी नसून तो एक धोका झाला आहे, एवढेच सांगावयाचे आहे. ज्याने पडदा म्हणून समुद्राकडे पाहिले, त्यास तो हलतो याचे विस्मरण पडते.

याहून मोठे नुकसान घरातल्या घरात होते, आणि त्याची बातमी कोठेच छापून येत नाही. या तयारीचा बोजा बहुधा घरच्या बाईवर पडतो. कपडे तिने जुळवावयाचे, भिजू नयेत म्हणून तिने ओरडावयाचे, आणि शेवटी प्रसन्न मुद्रेने मध्यभागीही तिनेच उभे राहावयाचे. मुलांस समुद्र दिसतो आणि 'अजून पाण्यात जायचे नाही' अशी आज्ञा होते, कारण निळा सदरा कोरडा राहिला पाहिजे. ओहोटीच्या ओल्या वाळूवर बारीक खेकडे गोळ्यांची जी नक्षी मांडून ठेवतात, तिच्याकडे मूल वाकून पाहू लागले की त्यास दंडास धरून उभे केले जाते. आजीने तर आपल्या घरातील स्वतःचे चित्र आपल्याच वस्त्रात नसावे, हा अपमान निमूटपणे गिळावयाचा. उद्या ती गेल्यावर नातवंडे त्या चित्राकडे पाहतील, तेव्हा त्यांस आजी दिसेल की रंगसंगती दिसेल?

'वडील माणसे आज आहेत, उद्या नाहीत. म्हणून चित्र हवे', हा आक्षेप मात्र खरा आहे आणि त्यास टाळून जाता येत नाही. पण मग चित्र घ्या ते त्यांचे घ्या. आजीस तिच्या जांभळ्या लुगड्यात, तिच्या नेहमीच्या खुर्चीवर, विळीपुढे किंवा देवापुढे बसवून घ्या. त्यासाठी अलिबाग लागत नाही. सर्वांचे एकत्र चित्र हवे असेल तर जुन्या लोकांप्रमाणे उघडपणे बसा, सरळ कॅमेऱ्याकडे पाहा, पाच मिनिटांत उरका. त्यात लाज कसली? लाज असेल तर ती सहजपणाची नक्कल करण्यात आहे.

आणि समुद्रावर जाल तेव्हा समुद्रावर जा. पंचांगात तिथी पाहून भरतीचा हिशेब मुलांकडून करवून घ्या; भिजले तरी चालतील असे कपडे न्या; पहिला तास कॅमेरा पिशवीतच राहू द्या, आणि आजीस पायांवर एक लाट घेऊ द्या. या सुट्टीत आमच्या वाचकांपैकी थोड्या कुटुंबांनी एवढे केले, तरी हा लेख लिहिण्याचे आमचे श्रम सार्थकी लागले असे आम्ही समजू.