प्रशिक्षण कुणाचे?



एम.एस.डब्ल्यू. होऊन मी बाहेर पडले ते २०१३ साली. त्याच वर्षी ९ डिसेंबरला कामाच्या ठिकाणी होणाऱ्या स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा लागू झाला आणि माझ्यासारख्या बऱ्याच मुलींना पोटापाण्याची एक नवी वाट मिळाली. वस्तीतले समुपदेशन केंद्र सोडून मी महाविद्यालयांच्या सभागृहांत पोहोचले. प्राध्यापकांची एक दिवसाची, तीन दिवसांची शिबिरे, तक्रार समित्यांचे प्रशिक्षण, प्राचार्यांच्या बैठका. पुढे पुढे एकेका अध्यापिकेशी स्वतंत्र बोलून तिला 'नेतृत्वासाठी' तयार करणे, ज्याला हल्ली कोचिंग म्हणतात. काय करतेस असे कुणी विचारले की मी सांगते, 'संस्थांमध्ये बदल घडवण्याचे काम करते.' हा अंक अध्यापिकांच्या प्रश्नांवर काढायचे ठरले, तेव्हा संपादकीय तूच लिही असे सगळ्याजणी म्हणाल्या. लिहायला बसले आणि माझे हे नेहमीचे वाक्यच मला टोचू लागले.

मागच्या हिवाळ्यात मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी प्रशिक्षणाला गेले होते. नॅकची समिती यायची होती, त्यामुळे बोलावणे घाईचे होते. फलक लागलेला, दीपप्रज्वलन झाले, शाल-श्रीफळ झाले. प्राचार्य दहा मिनिटे बोलले, त्यात जिजाऊ आणि सावित्रीबाई दोघी आल्या, आणि तातडीची बैठक आहे म्हणून ते निघून गेले. (प्राचार्य शेवटपर्यंत बसलेले मी आजवर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके पाहिले आहेत.) बाकी दिवस चांगला गेला. पुरुष प्राध्यापकांनी वाद घातला, बायकांनी उत्तरे दिली, दुपारनंतर तर कुणाला घड्याळाची आठवण राहिली नाही. अभिप्रायाच्या कागदांवर सगळीकडे 'उत्कृष्ट' असे लिहिलेले होते. मी खूश होते.

संध्याकाळी एस.टी. स्टँडवर एक पंचविशी-तिशीतली मुलगी शेजारी येऊन बसली. त्याच महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवते म्हणाली. तू प्रशिक्षणाला का नव्हतीस, मी विचारले. ती हसली. "मॅडम, सगळे कायम सर आणि मॅडम तुमच्याकडे होते ना. त्यांचे वर्ग आम्ही सांभाळले. मी आज सहा तास घेतले."

म्हणजे आमचा तो रंगलेला दिवस तिच्या पाठीवर चालला होता. यादीत तिचे नाव नव्हते, तिच्यासारख्या इतर कुणाचेही नव्हते. कागदाचा कप हातात धरून तिने मग आपले खरे विचारायचे ते विचारले. विभागातल्या एका वरिष्ठाबद्दल तक्रार करायची आहे. केली तर जूनमध्ये पुन्हा नेमणुकीचा आदेश मिळेल का?

मला कायदा पाठ आहे. कायम, तात्पुरती, कंत्राटी, रोजंदारीवरची, शिकाऊ, इतकेच काय पण पगाराशिवाय स्वेच्छेने काम करणारीसुद्धा 'कर्मचारी' या व्याख्येत येते, हे मी तिला सांगितले. तक्रार तीन महिन्यांत करायची असते, समितीला योग्य कारण पटले तर आणखी तीन महिने मिळतात, हेही सांगितले. ती ऐकत होती. मग म्हणाली, "समितीत आमच्यापैकी कुणी आहे का?" सकाळीच मी भिंतीवरचा समितीचा फलक वाचला होता. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या विनियमांप्रमाणे महाविद्यालयातल्या समितीची अध्यक्ष किमान सहयोगी प्राध्यापक दर्जाची लागते. तशी होती. बाकीचे अध्यापक सदस्यही कायमच होते. तासिकेवरच्या बाईला सदस्य करू नका असे नियमात कुठेही म्हटलेले नाही, पण केलेली मी तरी पाहिलेली नाही. तिची गाडी लागली आणि ती गेली.

प्राध्यापकांच्या प्रशिक्षणाचा आपल्याकडचा इतिहास काही वाईट हेतूने सुरू झालेला नाही. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात स्त्रियांच्या समतेसाठी शिक्षण असा स्वतंत्र भाग होता. नवी मूल्ये रुजवायची तर पाठ्यपुस्तकांबरोबर शिक्षकांचे आणि प्रशासकांचेही प्रशिक्षण झाले पाहिजे, हे त्यात मान्य केले होते. पुढच्याच वर्षापासून विद्यापीठांमध्ये अकॅडमिक स्टाफ कॉलेजे निघाली. नंतर त्यांचे नाव मनुष्यबळ विकास केंद्र झाले, २०२३ पासून ती मालवीय मिशनच्या नावाने चालतात. पण ओरिएंटेशन आणि रिफ्रेशर पदोन्नतीला जोडले गेले, आणि प्रमाणपत्र हा प्रशिक्षणाचा हेतू होऊन बसला. ज्याला पदोन्नती आहे त्याला प्रशिक्षण. जिला पदच नाही तिला कशाला? मंजूर जागा वर्षानुवर्षे रिकाम्या ठेवून महाविद्यालये तासिकेवरच्या माणसांच्या जिवावर चालवायची आणि 'अध्यापक विकास' मात्र उरलेल्या कायम लोकांचा करायचा, असा हा कारभार आहे. या बिनकायम माणसांत आपल्या मुली किती आहेत हे कुठल्याही महाविद्यालयाच्या स्टाफरूममध्ये नुसते डोकावले तरी दिसते.

इथे मला भंवरीदेवींची आठवण होते. विशाखा निकालाचे नाव आपण प्रत्येक प्रशिक्षणात घेतो, पण त्यामागची बाई ही प्रशिक्षण घेतलेली बाई होती हे आपण विसरतो. राजस्थान सरकारच्या महिला विकास कार्यक्रमातली ती साथिन होती. गावात जाऊन बायकांशी बोल, बालविवाह थांबव, हे तिला शिकवले गेले होते आणि ती ते जिवानिशी करत होती. १९९२ साली तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला. १९९५ मध्ये खालच्या न्यायालयाने आरोपींना बलात्काराच्या आरोपातून सोडले. १३ ऑगस्ट १९९७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मार्गदर्शक सूत्रे दिली ती स्त्रीसंघटनांच्या याचिकेवर. कामावर असताना तिच्या सुरक्षिततेची जबाबदारी कुणाची, हा त्या याचिकेमागचा प्रश्न. धीट हो असे शिकवून आपण एखादीला पुढे पाठवतो. तिच्यावर बेतते तेव्हा पाठवणारे कुठे असतात? एस.टी. स्टँडवर मी नेमकी त्या पाठवणाऱ्यांच्या जागी बसले होते.

म्हणून प्रशिक्षणे बंद करावीत, असे आमच्यातल्या एकदोघींचे मत आहे. मला ते पटत नाही, आणि त्याचे कारण गोव्यातले आहे. गोवा विद्यापीठातल्या एका विभागप्रमुखाविरुद्ध २००९ साली विद्यार्थिनींनी तक्रारी केल्या. समितीने चौकशी केली, त्याला बडतर्फ केले गेले. १२ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कारवाई रद्द केली, कारण चौकशी इतक्या घाईने उरकली होती की त्याला बाजू मांडायची पुरेशी संधी मिळाली नाही. प्रकरण पुन्हा समितीकडे, २००९ च्या मे महिन्यात होते त्या टप्प्यावर परत गेले. चौदा वर्षे! तक्रार केली तेव्हा शिकत असलेल्या मुली एव्हाना तिशी ओलांडून गेल्या असतील. त्याच निकालात न्यायालयाने समित्यांच्या सदस्यांना नियमित प्रशिक्षण देण्याचे आदेशही दिले. समितीवरच्या बायकांची नियत चांगली असून भागत नाही. नोटीस कशी द्यायची, जबाब कसा नोंदवायचा, उलटतपासणीचे प्रश्न कसे घ्यायचे, हे येत नसेल तर आपल्याच मुलीचे नुकसान होते. हे शिकवायला दोन-तीन दिवस लागतात आणि ते कंटाळवाणे असते. संस्थांना मात्र मधल्या सुट्टीसकट चार तासांचे, फोटो काढण्याजोगे काहीतरी हवे असते.

कोचिंगची गोष्ट वेगळी आहे, आणि ती सांगताना मला लाज वाटते. एका शैक्षणिक संस्थेने मला बोलावले. एका अध्यापिकेचे 'संवादकौशल्य' वाढवायचे आहे, तिचे सहकाऱ्यांशी पटत नाही, सहा बैठका घ्या. मानधन चांगले होते. मी होकार दिला. पहिल्या बैठकीतच कळले की तिने आपल्या वरिष्ठाविरुद्ध लेखी तक्रार केली होती आणि ती आपसात मिटवण्यात आली होती. कळूनही मी थांबले नाही. ठामपणे कसे बोलावे, राग कसा आवरावा, ते सगळे आम्ही केले. चौथ्या बैठकीत ती शांतपणे म्हणाली, "ताई, मला बोलता येतं. बोलले म्हणूनच तर मला इथे पाठवलंय."

पुढच्या दोन बैठका मी घेतल्या नाहीत. तो वरिष्ठ मात्र आपल्या खुर्चीत होता. त्याच्याशी बोला असे मला कुणी म्हटले नव्हते, आणि खरे सांगायचे तर मीही ते सुचवले नव्हते. संस्थेत जे बिघडले आहे ते एका बाईच्या स्वभावात शोधायचे आणि दुरुस्तीला तिलाच पाठवायचे, ही युक्ती जुनीच आहे. घरात तिला 'जरा समजुतीने घे' म्हणतात.

मग बदल होतो तरी कसा? एका महाविद्यालयात आम्ही दोन वर्षे परत परत गेलो. पहिल्या शिबिरात झाले ते नेहमीचेच. दुसऱ्या खेपेला आम्ही सफाई करणाऱ्या बायकांना भेटलो, तेही सकाळी सातला, त्यांच्या कामाच्या वेळेत, त्या बसतात त्या जिन्याखाली. तासिकेवरच्या मुलींना वेगळे भेटलो. भाषणात कधी न आलेली एक बारीक गोष्ट तिथे निघाली. त्यांच्या महिन्याच्या बिलावर विभागप्रमुखाची सही लागे, आणि सही कधी करायची हे तो ठरवी. सही मागायला एकटीने केबिनमध्ये जावे लागे. कधी 'उद्या या', कधी 'सहानंतर या'. त्याची सगळी सत्ता त्या एका सहीत होती. तिसऱ्या खेपेला प्राचार्यांना आम्ही दिवसभर बसवले आणि हे त्यांच्यासमोर ठेवले. त्यांनी कार्यालयातल्या लेखनिकाला बोलावले आणि हजेरीच्या नोंदीवरून बिले थेट कार्यालयाने ठराविक तारखेला करावीत असे ठरले. एवढेच. ते परिपत्रक पाच ओळींचे आहे. माझ्या इतक्या वर्षांच्या कामात माझ्या मते सगळ्यात मोठा बदल तोच. त्यात माझ्या शिकवण्याचा वाटा थोडा आहे, जिन्याखालच्या ऐकण्याचा जास्त.

आता पैशांचे बोलू, कारण ते आपण टाळतो. २०२० च्या परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या दुरुस्तीनंतर लहान गटांना मिळणारी मदत आटली. तेव्हापासून आपला गट बराचसा प्रशिक्षणांच्या मानधनावर चालतो. हा अंक छापला त्या कागदाचे पैसेही तिथूनच आले आहेत. दुसरीकडे, अंतर्गत समितीवर बाहेरची सदस्य म्हणून आपल्यापैकी कुणी सुनावणीला बसली तर नियमाने तिला दिवसाला २०० रुपये आणि प्रवासखर्च मिळतो. त्याच संस्थेत त्याच बाईला एका दिवसाच्या प्रशिक्षणाचे कितीतरी पट मिळतात. ज्या मालकाकडून प्रशिक्षणाचे पाकीट घ्यायचे, त्याच्याच माणसाविरुद्धची तक्रार दोनशे रुपयांत निर्भीडपणे ऐकायची! आमच्या ज्येष्ठ ताई बैठकीत म्हणाल्या, "आम्ही पदरचे भाडे भरून शिबिरे घेतली, पण आम्हाला कुणी गप्प करू शकले नाही." त्यावर एक तरुण कार्यकर्ती म्हणाली, "ताई, तुमच्या घरी एक पगार येत होता. माझे घरभाडे कोण भरेल?" दोघीही खऱ्या होत्या. बैठक रात्री साडेदहापर्यंत चालली.

ठरले ते असे. जिथे आपण समितीवर आहोत तिथे पैसे घेऊन प्रशिक्षण द्यायचे नाही, ते दुसऱ्या गटाकडे सोपवायचे. प्रशिक्षणाच्या यादीत तासिकेवरच्या आणि कंत्राटी बायका नसतील, आणि त्या दिवसाचे त्यांच्या तासिकांचे पैसे कापले जाणार असतील, तर जायचे नाही. सहा महिन्यांनी पुन्हा यायची लेखी हमी घ्यायची. तक्रार केलेल्या बाईला कोचिंग द्या असे कुणी म्हणाले तर आधी तक्रारीचे काय झाले ते विचारायचे. यामुळे आपली कामे कमी होतील, कदाचित पुढचा अंक उशिरा निघेल. एकट्यादुकट्या अध्यापिकांना द्यायचे कोचिंग ठेवायचे की सोडायचे, यावर मात्र आमचे एकमत झालेले नाही. काहीजणींना त्यातून खरोखर बळ मिळाले आहे, हेही मी पाहिले आहे. तुमच्या गटात हा प्रश्न कसा सोडवता ते सविस्तर कळवा. पुढच्या अंकात पत्रे छापू, आमच्या विरोधातली आधी.

त्या तालुक्याच्या महाविद्यालयातून जूनसाठी पुन्हा बोलावणे आले आहे. यादी आधी पाठवा, तासिकेवरच्या अध्यापकांच्या नावांसकट, असे मी कळवले आहे. यादी अजून आलेली नाही.