पाहुणचाराचा हिशेब

२०२५ च्या सप्टेंबरअखेर मोरोक्कोतील तरुण रस्त्यावर उतरले, तेव्हा त्यांच्या घोषणांत राजकीय तत्त्वज्ञान फारसे नव्हते. मैदाने उभी राहत आहेत, मग इस्पितळे कोठे आहेत, एवढाच त्यांचा प्रश्न होता. अगादीर येथील सरकारी इस्पितळात थोड्या दिवसांच्या अंतराने आठ बाळंतिणी दगावल्या होत्या. आणि त्याच काळात कासाब्लांकाजवळ बेन्स्लिमान येथे २०३० च्या विश्वचषक फुटबॉल स्पर्धेसाठी १ लाख १५ हजार प्रेक्षकांचे क्रीडागार उभारण्याचे काम चालू होते. या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून पाहण्यास कोणा पुढाऱ्याने शिकवण्याची आवश्यकता नव्हती. आंदोलनास पुढे हिंसक वळण लागले आणि अगादीरनजीक सुरक्षा दलाच्या गोळीबारात तिघांचे प्राण गेले.

फुटबॉलविषयी उदासीन असलेल्या देशात हे घडले असते तर त्याचे नवल नव्हते. परंतु २०२२ मध्ये मोरोक्कोचा संघ विश्वचषकाच्या उपांत्य फेरीत पोहोचला, आफ्रिकेतील कोणत्याही संघाला तोपर्यंत जे साधले नव्हते ते त्याने साधले, तेव्हा बेभान होऊन नाचली ती हीच पिढी. यजमानपदासाठी या देशाने पाच वेळा प्रयत्न केला आणि पाचही वेळा नकार पचवला. अखेर स्पेन व पोर्तुगाल यांच्या जोडीने ते पदरात पडले, याचा तेथील जनतेस वाटणारा अभिमान खोटा म्हणता येणार नाही. तेव्हा हा वाद खेळाचे शत्रू आणि खेळाचे मित्र यांच्यातील नाही. तो घरातलाच आहे, आणि म्हणूनच अधिक बोचरा आहे.

यजमानपदाच्या समर्थकांचे सर्वांत बळकट म्हणणे पर्यटकांविषयीचे नाही. पर्यटक महिनाभर येतात आणि जातात. खरा मुद्दा मुदतीचा आहे. एरवी फायलींतून वर्षानुवर्षे फिरत राहणारे लोहमार्ग, विमानतळ आणि रस्ते उद्घाटनाची तारीख ठरली की भराभर पुढे सरकतात. दक्षिण आफ्रिकेत २०१० ची स्पर्धा सुरू होण्यास तीन दिवस उरले असताना जोहान्सबर्गच्या विमानतळाची जलद रेल्वे धावू लागली आणि ती स्पर्धेनंतरही धावत राहिली. मोरोक्कोतही अतिवेगवान रेल्वे माराकेशपर्यंत नेण्याचे काम हाती घेण्यात आले आहे. हा लाभ नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल.

मात्र जी मुदत सरकारला कामास लावते, तीच कंत्राटदाराच्या हाती सरकारची मानगूट देते. तारीख हलत नाही म्हटल्यावर किंमत हलते. ब्राझीलमध्ये २०१४ च्या स्पर्धेची मैदाने खासगी भांडवलातून होतील, असे २००७ मध्ये मोठ्या आवाजात सांगण्यात आले होते. प्रत्यक्षात भार बहुतांशी सार्वजनिक पैशावर पडला. अॅमेझॉनच्या अरण्यातील मानाउस येथे ४० हजारांहून अधिक प्रेक्षकांचे क्रीडागार बांधले गेले आणि त्यात विश्वचषकाचे सामने झाले अवघे चार. कुइयाबा शहरातील नागरिकांना मिळावयाची रेल्वे तर स्पर्धा संपली तरी धावली नाही. डबे येऊन पडले आणि पुढे योजनाच गुंडाळण्यात आली. म्हणजे प्रेक्षकांसाठीचे काम वेळेत पुरे झाले आणि नागरिकांसाठीचे राहिले. २०१३ मध्ये साओ पावलोत बसभाड्यातील २० सेंटाव्होंच्या वाढीवरून उसळलेला क्षोभ बघता बघता मैदानांच्या दारांपर्यंत पोहोचला, तो काही उगीच नव्हे.

शिवाय पाहुणा साधा नाही. प्रक्षेपणाचे हक्क आणि जाहिरातदारांशी होणारे करार यांचे उत्पन्न फिफाकडे जाते; २०२२ अखेरच्या चार वर्षांत या संस्थेने सुमारे साडेसात अब्ज डॉलर मिळवले. मैदान, बंदोबस्त आणि वाहतूक यांचा मोठा भार यजमानाने सोसायचा आणि वर करांतून सूट द्यायची. मैदानात मद्यविक्रीस बंदी करणारा स्वतःचा कायदाही ब्राझीलला २०१२ मध्ये या पाहुण्यासाठी बाजूला ठेवावा लागला. जावईसुद्धा इतके मागत नाही.

अशा पाहुण्याला नाही म्हणण्याचे धैर्य एकाच राष्ट्रप्रमुखाने दाखवले. १९८६ ची स्पर्धा कोलंबियाला १९७४ मध्येच मिळाली होती. पुढे संघांची संख्या १६ वरून २४ वर गेली, मागण्या फुगल्या, आणि ऑक्टोबर १९८२ मध्ये अध्यक्ष बेलिसारिओ बेतांकूर यांनी ही चैन देशाला परवडणार नाही, असे सांगून यजमानपद परत केले. देशाची अब्रू गेली, अशी ओरड झाली. स्पर्धा मेक्सिकोकडे गेली. १९७० च्या स्पर्धेची मैदाने तेथे तयारच होती. १९९४ मध्ये अमेरिकेने आणि २००६ मध्ये जर्मनीने स्पर्धा भरवली, तीही बव्हंशी वापरातील मैदानांच्या बळावर. ज्यांच्या घरी ताटे आधीच मांडलेली आहेत, त्यांना पाहुणा महाग पडत नाही. उसनवारीने भांडी आणणाऱ्याचे मात्र हाल होतात.

भारताने हे सारे दुरून पाहण्याचे कारण उरलेले नाही. २०३० च्याच राष्ट्रकुल क्रीडास्पर्धा अहमदाबादला देण्यात आल्या आहेत. दिल्लीतील २०१० च्या स्पर्धांच्या खर्चावर महालेखापरीक्षकांनी ओढलेले ताशेरे सरकारी कपाटात असतीलच. ते या वेळी काम संपल्यावर नव्हे, तर निविदा काढण्यापूर्वी वाचले जावेत. कोणते बांधकाम स्पर्धेनंतर कोणाच्या ताब्यात जाणार आणि त्याच्या देखभालीचा खर्च कोण देणार, हे आजच जाहीर करण्यास कोणतीही अडचण नाही.

मोरोक्को सरकारने आंदोलनानंतर, ऑक्टोबर २०२५ मध्ये, आरोग्य व शिक्षण यांसाठी २०२६ सालाकरिता १४० अब्ज दिरहमांची तरतूद जाहीर केली. तरुणांनी रस्त्यावर येऊन मिळवलेले हे यश लहान नाही. बेन्स्लिमानचे क्रीडागार मात्र २०३० पूर्वी उभे राहिलेच पाहिजे, कारण तसा शब्द फिफाला दिलेला आहे. अगादीरच्या प्रसूतिकक्षात पुरेसे डॉक्टर व सुइणी केव्हा असतील, याची तारीख अशा कोणत्याही करारात लिहिलेली नाही.