सुरुंग की सामर्थ्य?

मध्यंतरी आमच्या गावच्या प्रार्थनासभेत बाहेरगावचे एक वक्ते आले होते. देवाच्या सामर्थ्यासाठी नव्या कराराच्या मूळ ग्रीक भाषेत 'दुनामिस' हा शब्द आहे आणि त्याचा अर्थ 'डायनामाइट' असा होतो, असे त्यांनी सांगितले. टाळ्या पडल्या. पडणारच! आपल्या नगर जिल्ह्यातल्या काळ्या कातळात विहीर खोदायची तर सुरुंग लावावा लागतो. त्याचा दणका कोणाला ठाऊक नाही?

माझी आजी त्या सभेत पुढेच बसली होती. प्रार्थना झाली, पण तिचे संधिवाताचे गुडघे होते तसेच राहिले. "आजी, तुमचा विश्वास कमी पडला," असे तिला सांगण्यात आले. ती काही बोलली नाही. मला मात्र त्या शब्दाचा छडा लावावासा वाटला.

आल्फ्रेड नोबेलने डायनामाइटचे पेटंट घेतले ते 1867 साली. नव्या कराराचे लेखन त्याच्या सुमारे अठराशे वर्षे आधीचे. ग्रीक शब्दावरून स्फोटकाचे नाव पडले हे खरे. पण म्हणून स्फोटकावरून त्या शब्दाचा अर्थ लावणे म्हणजे नातवावरून आजोबांचे बारसे करण्यासारखे आहे!

'दुनामिस'चे खरे नाते 'दुनामाइ' या क्रियापदाशी आहे. त्याचा अर्थ साधा आहे : शकणे. आपल्या 'शकणे' आणि 'शक्ती' यांची जोडी तशीच नाही का? मराठी बायबलात बहुतेक ठिकाणी आढळणारा 'सामर्थ्य' हा शब्दही 'समर्थ' यावरून आला आहे. 'अधिकार' यासाठी ग्रीकमध्ये 'एक्सूसिया' हा निराळा शब्द आहे. अधिकार दिला जातो. सामर्थ्य अंगी असावे लागते.

चमत्कारांनाही 'दुनामिस' म्हटले आहे, हे मी नाकारीत नाही. पण ते कसे घडतात ते पाहावे. मार्काच्या शुभवर्तमानात बारा वर्षे रक्तस्रावाने पीडलेली बाई गर्दीत येशूच्या वस्त्राला हळूच हात लावते आणि बरी होते. त्याच्यातून जे निघाले ते 'दुनामिस'. पण शिष्यांना पत्ताही लागला नाही. पौलाने तर आपले दुखणे जावे म्हणून तीनदा विनवणी केली. दुखणे गेले नाही. अशक्तपणातच सामर्थ्य पूर्णत्वास येते, असे उत्तर त्याला मिळाले. तेथेही शब्द 'दुनामिस'च. तेथे सुरुंग लावून पाहा, वाक्याचा अर्थच उडून जाईल!

पंडिता रमाबाईंनी दौंडजवळच्या केडगावी (आपल्या नगरजवळच्या नव्हे) मूळ हिब्रू व ग्रीकवरून बायबलचे भाषांतर केले, ते साध्या बायाबापड्यांना कळावे म्हणून. त्याच बायाबापड्यांना आज अर्धवट ग्रीक ऐकवून धाक घालावा, याला काय म्हणावे?

आजी आजही पहाटे उठते, भिंतीला धरून चुलीपाशी जाते आणि आम्हा सर्वांच्या भाकरी थापते. विचारले तर म्हणते, "जमतंय गं अजून."

प्राध्यापक मंडळी मला क्षमा करोत. पण 'दुनामिस'चा याहून चांगला अर्थ मला कोणत्याही कोशात सापडलेला नाही.