सकाळचा उतारा

धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सातला पैठणच्या बसस्थानकाजवळ टपरीवर उभं राहिलं, की रात्री कोणी किती घेतली हे विचारावं लागत नाही. डोळे तांबारलेले, हात कपाळाला. एक जण लिंबू-सोडा मागतो, दुसरा कोरा चहा. तिसरा काहीच मागत नाही. तो देशीचं दुकान उघडायची वाट बघत असतो. त्याला ‘उतारा’ हवा असतो.

हा शब्द मला फार वर्षं छळतो आहे. लिंबू-नारळ ओवाळून तिठ्यावर ठेवतात तो उतारा, आणि रात्रीच्या दारूवर सकाळी मारलेली नाइन्टी हाही उताराच. अंगातलं बाहेर निघालं अशी समजूत दोन्हीकडे. दारूच्या बाबतीत तरी निघत काहीच नाही, वर भर पडते.

साधा हिशेब मांडू. 180 मिलीच्या क्वार्टरमध्ये 42.8 टक्के अल्कोहोल धरलं, तर ते साधारण 60 ग्रॅम होतं. यकृत तासाला जेमतेम सात-आठ ग्रॅम निपटतं. म्हणजे एका क्वार्टरला आठ तास तरी लागतात. रात्री अकराला दुसरी क्वार्टर संपवलेला माणूस सकाळी सहाला बिडकीन-चितेगावकडे पहिल्या पाळीला निघतो, तेव्हा तो ‘काल प्यायलेला’ नसतो, अजून प्यायलेलाच असतो. 100 मिली रक्तात 30 मिलीग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असताना गाडी चालवणं 1988 च्या मोटार वाहन कायद्यात गुन्हा आहे. झोप झाली म्हणून रक्तातला आकडा भरभर खाली येत नाही. आंघोळीने नाही, चहाने नाही, ओकारी काढल्यानेही नाही. पैठण रस्त्यावरच्या पहाटेच्या गाड्या बघताना मला हा आकडा आठवतो आणि पोटात कालवतं.

डोकं का ठणकतं? यकृत दारूचं आधी ॲसिटाल्डिहाइड करतं. हा पदार्थ मूळ दारूपेक्षा जहाल. त्याचं पुढे निरुपद्रवी ॲसिटेट होईपर्यंत तो अंगाला जाळतो. मूत्रपिंडाला पाणी राखायला सांगणारं संप्रेरक दारू दाबून टाकते, म्हणून रात्रभर लघवी आणि सकाळी जिभेला कोरड. जठराचं अस्तर सोललेलं असतं. यकृत दारूतच गुंतल्याने रक्तातली साखर उतरते, उपाशीपोटी प्यायलेल्याची तर फारच. आणि मेंदू रात्रभर दाबलेला असतो, तो दाब निघाला की उसळतो. छातीत धडधड, उगाच भीती वाटते ती त्याचीच. पाणी, ताक, मऊ भात, झोप यांनी आराम पडतो, वेळ कमी होत नाही. डोकेदुखीवर पॅरासिटामॉलच्या गोळ्यांवर गोळ्या खाऊ नका, थकलेल्या यकृतावर तो दुसरा घाव बसतो.

मग नाइन्टीने बरं कसं वाटतं? उसळलेला मेंदू पुन्हा दाबला जातो म्हणून. दुखणं जात नाही, दुपारवर ढकललं जातं. दुपारी परत तेच. रोज प्यायला लागलेल्या बहुतेक रुग्णांना मी विचारतो, ‘सकाळची कधी सुरू झाली?’ उत्तर येतं, ‘उतारा म्हणून घ्यायचो.’

आता पाच दिवसांवर नाथषष्ठी. दिंड्या येतील, गोदाकाठ भरेल, आणि पैठणात दरवर्षी होतं तसं काही जण गळ्यात तुळशीची माळ घालतील. माळेने दारू सुटलेली माणसं मी पाहिली आहेत, तिच्याबद्दल मला आदर आहे. पण वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याने एका सकाळी अचानक थांबणं जिवावर बेतू शकतं, हे कीर्तनाच्या मांडवात कोणी सांगत नाही, म्हणून इथे लिहितो. पहिल्याच दिवशी हात कापतात, घाम फुटतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान माणूस भिंतीवर किडे बघतो, नसलेल्यांशी बोलतो, घर ओळखत नाही. घरचे म्हणतात बाहेरचं लागलं, आणि खरोखरचा उतारा टाकतात. त्या रात्री त्याला दवाखान्यात हलवावं लागतं.

तिथेही एक गोष्ट सांभाळायची. ‘डॉक्टर, एक सलाईन लावा’ असा आग्रह सगळेच धरतात. दारुड्याच्या अंगात ब-1 जीवनसत्त्व फार कमी उरलेलं असतं. ते न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. आधी ब-1 चं इंजेक्शन, हे डॉक्टरांना खुशाल विचारा. दारू सोडवणं हे औषधोपचाराचंही काम आहे. 1986 साली पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभारणाऱ्या डॉ. अनिता अवचट मानसोपचारतज्ज्ञ होत्या, आणि ते केंद्र उभं राहिलं ते व्यसन हा आजार मानूनच. आपल्याला जवळ संभाजीनगरचं घाटी रुग्णालय आहे, तिथे मानसोपचार विभाग आहे.

गेल्या वर्षी षष्ठीच्या आधी एक मावशी नवऱ्याला घेऊन आल्या होत्या. तो नऊ वर्षं रोज सकाळपासून पिणारा, आणि परवा माळ घालायची ठरलेली. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी एकच विचारलं.

‘डॉक्टर सायेब, माळ घातल्यावर गोळ्या चालतेत का?’

‘चालतात, मावशी. आधी गोळ्या सुरू करा, माळ आठवड्याने घाला.’

त्यांनी पदराच्या गाठीतले पैसे मोजले आणि संभाजीनगरची जीप कुठून सुटते ते विचारलं.