आभाळात धडाम झालं, आता कानाचं काय?

सुरगाणा, पेठ भागात मोठा आवाज होऊन पत्रे थरथरले की दवाखान्यात तेच प्रश्न येतात. कानाचा पडदा फाटला असेल का? पोटातल्या बाळाला काही झालं नसेल ना? आणि, हा भूकंप तर नव्हता?

असा आवाज बऱ्याच कारणांनी होतो. त्यातलं एक म्हणजे सॉनिक बूम. विमान आवाजापेक्षा वेगाने गेलं की त्याच्यापुढची हवा दाबली जाते आणि तो दाबाचा धक्का जमिनीपर्यंत येतो. बेंगळुरूत २० मे २०२० रोजी असाच धमाका झाला होता, तो चाचणी उड्डाणावरच्या विमानाचा होता, असं संरक्षण खात्याने त्याच दिवशी सांगितलं. आपल्या जिल्ह्यातही ओझरला सुखोई विमानं तयार होतात. अमेरिकेत आता परत येऊन उतरणाऱ्या रॉकेटांचे धमाके लोकांच्या कानी पडतात, आणि तिथले संशोधक गावागावांत मायक्रोफोन लावून ते मोजतात. (इस्रोचं पंखवालं यान चित्रदुर्गला उतरवलं तेव्हा ते हेलिकॉप्टरमधून सोडलं होतं. वेग आवाजापेक्षा कमी, म्हणून धमाका नाही.)

मोजतात काय, तर हवेचा दाब किती वाढला ते. काँकॉर्ड विमानाचा धमाका जमिनीवर सुमारे ९३ पास्कल भरायचा. कानाचा पडदा फाटायला साधारण ३५,००० पास्कल लागतात. म्हणजे उंचावरून गेलेल्या विमानाच्या धमाक्याने तुमचा पडदा फाटणार नाही. छाती धडधडणं, लहान मूल दचकून रडणं, रात्री झोप न लागणं, हे मात्र खरं आहे. अचानक आवाजाला शरीर तसंच उत्तर देतं, आणि गरोदर बाईच्या बाबतीतही बहुधा तेवढंच. पण पोटात दुखलं, अंगावरून गेलं किंवा बाळाची हालचाल कमी वाटली, तर कारण शोधत बसू नका, लगेच रुग्णालयात या. कानातून पाणी किंवा रक्त आलं, कमी ऐकू येऊ लागलं, तरीही दाखवा.

मोबाइलमधल्या डेसिबल मोजणाऱ्या अ‍ॅपवर विसंबू नका. धमाक्याची बरीच ताकद इतक्या खालच्या सुरात असते की फोनचा माइक ती नीट पकडतच नाही.

माझं म्हणणं असं आहे. ‘घाबरू नका’ एवढं सांगून प्रशासनाने मोकळं होऊ नये. भूकंपाच्या लहरी जमिनीतून सेकंदाला काही किलोमीटर धावतात, तर धमाका साधारण विमानाच्याच वेगाने पुढे सरकतो. तीस किलोमीटर अंतरावरच्या दोन ठिकाणी वेळ नोंदवली, तर भूकंपात पाचेक सेकंदांचा फरक दिसेल आणि विमानाच्या वाटेवर मिनिटभराचा. नाशिकच्या मेरी संस्थेकडे भूकंपमापन आहेच. त्याच्या जोडीला तालुक्याच्या ठिकाणी हवेचा दाब नोंदवणारं एखादं यंत्र बसवावं आणि आवाज कशाचा होता ते संध्याकाळपर्यंत ग्रामपंचायतीला मराठीत कळवावं. भूकंप असेल तर तडा गेलेल्या भिंतीखाली त्या रात्री कुणी झोपू नये, आणि विमान असेल तर थंडीत लेकरांना घेऊन अंगणात रात्र काढायची गरज नाही. आज दोन्ही वेळा लोक अंदाजावरच ठरवतात.