गुण वाढले म्हणजे बुरशी उलटली?

क्षयरोग बरा होतो, पण कित्येकांच्या फुप्फुसात पोकळी ठेवून जातो. त्या पोकळीत ॲस्परजिलस नावाची बुरशी घर करते. मग खोकला, बेडक्यातून रक्त, झडत जाणारं वजन, असं दुखणं वर्षानुवर्षं चालतं. इट्राकोनॅझोल या बुरशीविरोधी औषधाने आराम पडतो, पण ते थांबल्यावर आजार उलटू शकतो. चंडीगडच्या पीजीआयमधला २०२२ सालचा अभ्यास सांगतो की, ६ महिने औषध घेतलेल्यांपैकी ३८ टक्के रुग्णांचा आजार दोन वर्षांत उलटला, १२ महिने घेतलेल्यांपैकी १० टक्क्यांचा.

हे उलटणं वेळीच ओळखायचं कसं? एका जाणकाराने तोडगा सुचवला. चंद्रपूर जिल्ह्यातल्या गडचांदूरकडे सीटी स्कॅन हाताशी नाही, रक्ताची अँटिबॉडी चाचणी महाग. तेव्हा श्वसनाच्या त्रासाची सेंट जॉर्जेस प्रश्नावली भरून घ्या. ५० प्रश्न, ० ते १०० गुण, गुण जास्त तितकी तब्येत वाईट. ४ गुण वाढले की आजार उलटला समजा. स्वस्त, सोपं आणि म्हणे खेड्याला पुरेसं! शहरातल्या रुग्णाला स्कॅन आणि खेड्यातल्याला कागद, हा न्याय मला मान्य नाही.

मूळ इंग्रजी प्रश्नावलीत बर्फ उपसण्याचा प्रश्न आहे. तो बदलता येतो. माझं भांडण त्याच्याशी नाही. भांडण हे की, गुण दम वाढल्याचं सांगतात, कशाने वाढला ते सांगत नाहीत. गडचांदूरभोवती सिमेंटचे कारखाने आणि चुनखडीच्या खाणी, राजुरा-बल्लारपूरकडे कोळसा, घरात चुलीचा धूर. थंडीत धूळ हवेत खालीच तरंगत राहते. मे महिन्यात पारा ४५च्या वर असताना माणूस तेंदूपत्ता तोडून येतो. त्या दिवशी त्याला विचारलंत तर गुण वाढणारच. साध्या सर्दी-तापानेही वाढतील. एवढ्यावर बुरशीचं औषध पुन्हा सुरू करणार? यकृतावर ताण आणणारं औषध अंदाजाने द्यायचं नसतं.

उलट बाजू तर जास्त घातक. जिवतीच्या डोंगरातला रुग्ण चढ चढणंच सोडतो, मोहफुलं वेचायला नातवंडांना पाठवतो आणि विचारलं की सांगतो, "आता दम नाही लागत जी." तो खोटं बोलत नाही. त्याने जगणंच आखडून घेतलेलं असतं. गुण जागच्या जागी, आणि आत पोकळीची भिंत जाड होत असते. मग एके दिवशी रक्ताची गुळणी येते. ही चूक कागदावर कुठेच दिसत नाही, म्हणून ती कोणाला टोचतही नाही.

४ गुणांची मोजपट्टी मुळात श्वासनलिकांच्या जुनाट आजारांसाठीची. बुरशीला ती तशीच लावता येत नाही. शिवाय कोलामी-गोंडी बोलणाऱ्याची उत्तरं दुसऱ्याने मराठीत भरली, तर ती कोणाची उत्तरं?

हा वाद जुनाच आहे. थुंकीत जंतू नसतानाही खोकला दिसला की पुन्हा क्षयाच्या गोळ्या देणाऱ्यांशीही हेच भांडण होतं. त्या गोळ्यांतलं रिफाम्पिसिन इट्राकोनॅझोलची रक्तातली पातळी पाडतं, हे सांगितलं की उत्तर ठरलेलं: खेड्यात तपासण्या कुठून आणणार? चुकीच्या उपचाराचे महिने मात्र खेड्याला परवडतात!

प्रश्न विचारूच नका, असं मी म्हणत नाही. औषध थांबवताना रुग्णाचे गुण, वजन आणि एक्स-रे नोंदवून ठेवा. पुढे आशाताईंनी दर महिन्याला त्याच्याच बोलीत मोजके प्रश्न विचारावेत, वजन करावं, बेडक्यात रक्त दिसलं का आणि कोणती कामं सोडली हेही विचारावं. काही बिघडलं की चंद्रपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात पाठवावं. जाण्या-येण्याचा खर्च यंत्रणेने उचलावा. गुण वाढले तर तपासणी लवकर, नाही वाढले तर ठरल्या तारखेला. तपासणी दोन्हीकडे हवीच. ती टाळण्यासाठी प्रश्नावली पुढे करणाऱ्यांनी आधी आपल्या घरच्या रुग्णाला तेवढ्यावर थांबवून दाखवावं.